गुन्हेशास्त्रातील ‘ॲक्सिलरेटेड मास्टर्स’ : नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीनिहाय मार्गदर्शन

नाशिकमध्ये एखाद्याने ‘मी क्रिमिनॉलॉजी शिकतो’ असे सांगितले, की समोरचा माणूस ‘म्हणजे पोलिसात जाणार का?’ असे विचारतो. त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी असलेल्या शहरात हा प्रश्न स्वाभाविकच आहे. मी बारावीपर्यंत नाशिकमध्ये शिकले, त्यानंतर अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात फौजदारी न्याय या विषयात पदवी घेतली आणि तेथेच ‘ॲक्सिलरेटेड’, म्हणजे पदवी आणि मास्टर्स जोडून एक वर्ष वाचवणाऱ्या योजनेतून गुन्हेशास्त्र व फौजदारी न्याय या विषयाची पदव्युत्तर पदवी पूर्ण केली. परत आल्यापासून बारावीचे विद्यार्थी, कायद्याच्या महाविद्यालयातील मुले आणि त्यांचे पालक मला भेटतात. त्यांतील बहुतेकांची गफलत एकाच जागी झालेली असते : एक वर्ष वाचणार हे त्यांना कळलेले असते, परंतु ते नेमके कोठून वाचते हे कोणी समजावून सांगितलेले नसते. हे वर्ष शेवटच्या वर्षात भराभर शिकून वाचत नाही. पदवीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी कोणता विषय कोणत्या खात्यात मोजला जाणार हे ठरवून, तसे लेखी घेऊन ते वाचवावे लागते. त्यामुळे पुढील पायऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायऱ्या मास्टर्स सुरू होण्याच्या आधीच्या आहेत.

१. प्रथम शब्दाचा अर्थ पक्का करा

‘एका वर्षात मास्टर्स’ या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली गोष्ट अमेरिकेतील ॲक्सिलरेटेड मास्टर्स, जिला ‘चार अधिक एक’ असेही म्हणतात. अमेरिकेत पदवीसाठी साधारणपणे १२० श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि या विषयातील मास्टर्ससाठी ३० ते ३६. पदवीच्या शेवटच्या वर्षी काही पदव्युत्तर विषय घेण्याची परवानगी मिळते आणि ते विषय दोन्ही पदव्यांसाठी मोजले जातात. मास्टर्स ३३ श्रेयांकांची आहे आणि १२ श्रेयांक सामायिक आहेत असे धरल्यास एकूण १५३ ऐवजी १४१ श्रेयांक पूर्ण करावे लागतात. एक विषय सहसा ३ श्रेयांकांचा असतो, म्हणजे येथे चार विषयांची बचत झाली. वाचणारे ‘वर्ष’ प्रत्यक्षात हे चार विषय असतात. एरवी दोन वर्षे चालणारी मास्टर्स पदवीनंतर एका वर्षात बसते ती त्यांच्यामुळे, आणि कधी कधी त्यासाठी एका उन्हाळी सत्राची भरही घालावी लागते.

दुसरी गोष्ट ब्रिटनमधील एक वर्षाची मास्टर्स. ती मुळातच एका वर्षाची, १८० श्रेयांकांची असते आणि तिच्यात कोणतेही श्रेयांक सामायिक नसतात. भारतातील तीन वर्षांची पदवी तेथे बहुधा चालते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत गुन्हेशास्त्राचे असे अभ्यासक्रम आहेत.

तिसरी गोष्ट आपल्याकडील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या पदवीला किमान १६० आणि एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला ४० श्रेयांक धरले आहेत. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला मात्र दोन वर्षांचाच अभ्यासक्रम करावा लागतो. तिसऱ्या वर्षानंतर थांबावे की चौथे करावे, हा निर्णय घेताना हे ध्यानात ठेवा. कायद्याची पदवी झालेल्यांसाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील एक वर्षाची एलएल.एम. हाही मार्ग आहे, आणि तेथे फौजदारी कायदा हा विशेष विषय घेता येतो.

येथेच सर्वांत मोठा सापळा आहे. अमेरिकेतील ॲक्सिलरेटेड योजना जवळजवळ नेहमीच त्याच विद्यापीठात पदवीला शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते. नाशिकमध्ये बी.ए. किंवा बी.ए. एलएल.बी. पूर्ण करून अर्ज करणाऱ्याला ती मिळत नाही, त्याला तेथील नेहमीची मास्टर्स करावी लागते. शिवाय तीन वर्षांची भारतीय पदवी अनेक अमेरिकी विद्यापीठे मास्टर्ससाठी पुरेशी मानत नाहीत. एखादा सल्लागार पदवीधर विद्यार्थ्याला ‘ॲक्सिलरेटेड’ हा शब्द वापरून अमेरिकेतील प्रवेश देऊ करत असेल, तर अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, एकूण श्रेयांक आणि तो ऑनलाइन आहे की प्रत्यक्ष वर्गातील, हे लेखी मागा.

२. हा विषय नेमका काय आहे ते तपासा

गुन्हा का घडतो, समाज कशाला गुन्हा ठरवतो, आणि पोलीस, न्यायालये, तुरुंग व परिविक्षा (प्रोबेशन) या यंत्रणा प्रत्यक्षात कशा चालतात, याचा हा सामाजिक शास्त्राच्या पद्धतीने केलेला अभ्यास आहे. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, विषाचे परीक्षण हे न्यायवैद्यक विज्ञानाचे क्षेत्र असून त्यासाठी विज्ञान शाखेचा पाया लागतो. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा विचार करावा. ज्यांना वकिली करायची आहे त्यांना कायद्याची पदवी घ्यावीच लागते, गुन्हेशास्त्राची मास्टर्स तिची जागा घेत नाही. आणि ज्यांना महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षक व्हायचे आहे त्यांना लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरते. या एकाच हेतूने परदेशी मास्टर्सवर लाखो रुपये खर्च करू नयेत, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

या विषयात वाचन आणि आकडेवारी या दोन्हींची सवय लागते. मर्टनचा ताण-सिद्धांत, सदरलँडची सहवासातून शिकण्याची मांडणी, हिर्शीने १९६९ मध्ये मांडलेले सामाजिक बंध, कोहेन आणि फेल्सन यांचा १९७९ मधील दैनंदिन व्यवहारांचा सिद्धांत अशी अभ्यासकांची गुन्ह्याच्या कारणांविषयीची मांडणी पहिल्याच सत्रात येते आणि त्यापाठोपाठ संख्याशास्त्र येते. दहावीनंतर गणित सोडलेल्यांनी घाबरण्याचे कारण नाही, मात्र तयारीला आधीच लागावे.

३. वेळापत्रक मागून पुढे आखा

योजनेत प्रवेशासाठीचा अर्ज साधारणपणे पदवीच्या तिसऱ्या वर्षात, म्हणजे ६० ते ९० श्रेयांक पूर्ण होण्याच्या दरम्यान करायचा असतो. किमान गुणसरासरी बहुतेक ठिकाणी ४ पैकी ३.० ते ३.५ असते. याचा अर्थ असा, की पहिल्या दोन वर्षांत गुण घसरले तर तिसऱ्या वर्षी सावरायला सवड राहत नाही. पहिल्या सत्रात हवा, जेवण, भाषा सगळेच नवे असते, म्हणून त्या सत्रात कमीत कमी विषय घ्या. एफ-१ या अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर पदवीसाठी सत्राला १२ श्रेयांक पुरतात. १८ श्रेयांक घेऊन सरासरी २.७ वर आणलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, त्यांना ही योजना मिळाली नाही.

नाशिकमध्ये पदवीचे एक किंवा दोन वर्षे शिकून मग अमेरिकेत जाणाऱ्यांनी हस्तांतरित श्रेयांकांची चौकशी स्वतंत्रपणे करावी. पदवीचे काही किमान श्रेयांक त्यांच्याच विद्यापीठात पूर्ण करण्याची अट सर्वत्र असते आणि ॲक्सिलरेटेड योजनेसाठी ‘येथे किमान अमुक सत्रे’ अशी वेगळी अटही असू शकते. त्यासाठी आपल्या महाविद्यालयातून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांसह, सही-शिक्क्याचा घेऊन ठेवा. केवळ विषयाच्या नावावरून समकक्षता मिळत नाही.

४. प्रवेश घेण्यापूर्वी हे प्रश्न लेखी विचारा

माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून मी येथे थोडी थांबते.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी एक पदव्युत्तर विषय घेतला, त्यात चांगली श्रेणी मिळवली आणि तो दोन्हीकडे मोजला जाईल असे समजून चालले. प्रत्यक्षात तो सामायिक धरण्यासाठीचा अर्ज विषय सुरू होण्यापूर्वी पदव्युत्तर विभागाच्या सहीने दाखल व्हावा लागतो, ही अट नियमावलीच्या तळाशी होती. तो विषय केवळ पदवीत मोजला गेला आणि मला उन्हाळ्यात एक जादा विषय पूर्ण शुल्क भरून करावा लागला. आईने त्यासाठी मोडलेली ठेव मला आजही आठवते. तुम्ही पुढील गोष्टी विभागाच्या सल्लागाराला ई-मेलनेच विचारा आणि उत्तरे जपून ठेवा.

किती श्रेयांक सामायिक होतील, आणि कोणते विषय? काही विद्यापीठे फक्त ऐच्छिक विषय सामायिक धरतात, सिद्धांत आणि संशोधनपद्धती हे मूळ विषय सामायिक धरत नाहीत.

सामायिक विषयात किमान श्रेणी कोणती? पदव्युत्तर विषयात बहुधा ‘बी’ लागते. पदवीत ‘सी’ चालते म्हणून येथेही चालेल, असे मानू नका.

पदवी केव्हा प्रदान होते? काही ठिकाणी १२० श्रेयांक झाल्यावर पदवी मिळते आणि मग विद्यार्थी पदव्युत्तर गटात जातो, तर काही ठिकाणी दोन्ही पदव्या शेवटी एकदम मिळतात. शुल्क, शिष्यवृत्ती आणि व्हिसाचे कागद या तिन्हींवर याचा परिणाम होतो.

पदव्युत्तर दराने शुल्क कोणत्या दिवसापासून? पदवीधर होण्यापूर्वी घेतलेले सामायिक विषय अनेक ठिकाणी पदवीच्या दरात मिळतात, आणि खरी आर्थिक बचत तीच असते. उलट, पदवीसाठी मिळालेली गुणवत्ता शिष्यवृत्ती बहुतेकदा आठ सत्रांपुरती किंवा पदवी मिळेपर्यंतच असते. त्यामुळे पाचव्या वर्षाचा खर्च चौथ्या वर्षावरून मांडू नका.

मध्येच सोडावेसे वाटले तर काय? केवळ पदवी घेऊन बाहेर पडण्याची मोकळीक असली पाहिजे. ती कशी आणि कोणत्या सत्रापर्यंत आहे, हे विचारून ठेवा.

५. कागदपत्रे

पदवीच्या प्रवेशासाठी आणि पुढे योजनेच्या अर्जासाठी मिळून ही कागदपत्रे लागतात :

– दहावी व बारावीची गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे.
– महाविद्यालयात शिकला असाल तर सर्व सत्रांची गुणपत्रके आणि विद्यापीठाने दिलेली ट्रान्स्क्रिप्ट. नाशिकची बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच घ्यावी लागते. महाविद्यालयाने दिलेली प्रत बाहेर बहुधा मानली जात नाही.
– पारपत्र, ज्याची मुदत अभ्यासक्रमाच्या पुढेपर्यंत आहे असे.
– टोफेल किंवा आयइएलटीएसचा निकाल. अमेरिकेत पदवी करत असलेल्यांना मास्टर्ससाठी ही परीक्षा पुन्हा सहसा द्यावी लागत नाही. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची अटही अशा योजनांत अनेकदा माफ असते.
– उद्देशपत्र, आणि दोन किंवा तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे.
– एका वर्षाचा खर्च भागेल इतकी रक्कम दाखवणारी बँकेची कागदपत्रे किंवा कर्जमंजुरीचे पत्र.

नावाच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. आपल्या मंडळाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव वेगळे छापलेले असते. पारपत्रात आडनाव आणि दिलेले नाव असे दोन भाग असतात. विद्यापीठाच्या अर्जात पारपत्राप्रमाणेच नाव भरा. पारपत्रात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर परदेशी नोंदींमध्ये नावाची उलटापालट होते, म्हणून तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्या. कागदांवरील नावांत फरक असेल तर प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत सोबत ठेवा.

उद्देशपत्रात ‘मला लहानपणापासून गुन्ह्यांच्या मालिका पाहण्याची आवड आहे’ असे लिहू नका. तुमच्या शहरातील एक प्रश्न घ्या आणि त्यावर तुम्ही काय पाहिले, काय वाचले आणि काय समजले नाही, हे दोन पानांत प्रामाणिकपणे मांडा. शिफारसपत्रासाठी ज्यांच्या वर्गात तुम्ही प्रश्न विचारले आहेत अशाच प्राध्यापकांना विनंती करा, आणि ती किमान सहा आठवडे आधी करा.

६. व्हिसा आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाचा धोका

फौजदारी न्याय या विषयातील झटपट मास्टर्स म्हणून ज्या जाहिराती दिसतात, त्यांतील पुष्कळशा पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या असतात. ते प्रामुख्याने नोकरीत असलेल्या अमेरिकी पोलीस आणि तुरुंग कर्मचाऱ्यांसाठी आखलेले असतात. पदवी खरी असते, परंतु पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१ व्हिसा मिळत नाही. एफ-१ वर असताना पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ श्रेयांक, धरता येतात. ॲक्सिलरेटेड योजनेतील पदवीचा भाग वर्गात आणि मास्टर्सचा भाग ऑनलाइन, अशी रचनाही असते. पाचव्या वर्षी हे लक्षात आले तर फार उशीर झालेला असतो.

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद देते. त्यानंतर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीव्यवस्थेचे ३५० डॉलरचे शुल्क भरावे लागते, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरावा लागतो आणि मुंबईत मुलाखत द्यावी लागते. बोटांचे ठसे देण्याची वेळ आणि वकिलातीतील मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असते. नाशिकहून पहाटे निघून दोन्ही कामे एका दिवसात उरकण्याचा बेत आखू नका, एक रात्र मुंबईत राहण्याची सोय करा.

पदवीतून पदव्युत्तर गटात जाताना नवा आय-२० घ्यावा लागतो, कारण शिक्षणाची पातळी बदलते. हे आपोआप होत नाही. पदवी संपण्याच्या किमान एक सत्र आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याला भेटा, आणि नियम बदलत असल्यामुळे प्रत्येक सत्राच्या आरंभी पुन्हा विचारा.

७. विषय कोणत्या क्रमाने घ्यावेत

संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हे विषय चौथ्या वर्षातच सामायिक म्हणून घेता आले तर घ्या. पाचव्या वर्षी प्रबंध लिहिताना त्यांचा उपयोग व्हायला हवा, ते त्या वर्षी शिकत बसण्याची वेळ येऊ नये. पोलीसकार्य, तुरुंगप्रशासन, बालगुन्हेगारी न्याय, पीडितशास्त्र आणि सायबर गुन्हे हे ऐच्छिक विषय नंतर घेता येतात. एसपीएसएस, स्टाटा किंवा आर यांपैकी आकडेवारीच्या विश्लेषणाची एक संगणकप्रणाली नीट शिका. आर विनामूल्य आहे, म्हणून ती नाशिकमध्ये घरी बसूनही शिकता येते.

आकडे वापरताना ते कसे गोळा होतात, हे आधी वाचा. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका गुन्हानोंदीत अनेक कलमे असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो, आणि नोंदी वाढणे म्हणजे गुन्हे वाढणे नव्हे, हेही तो स्वतः स्पष्ट करतो. अमेरिकेत एफबीआयने १ जानेवारी २०२१ पासून जुनी सारांश पद्धत बंद करून प्रत्येक घटनेची तपशीलवार नोंद घेण्याची पद्धत लागू केली. त्या वर्षी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांसारख्या शहरांच्या पोलिसांची माहिती तीत आली नाही. २०२१ चा आकडा २०२० शेजारी ठेवून ‘गुन्हे घटले’ असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मौखिक परीक्षेत उत्तर देता येत नाही.

८. प्रबंध, परीक्षा की प्रकल्प

शेवटी प्रबंध, सर्वंकष परीक्षा किंवा प्रकल्प यांपैकी एक मार्ग निवडावा लागतो. पुढे पीएच.डी. करायची असेल तर प्रबंध निवडा. नोकरी करायची असेल तर प्रकल्प किंवा परीक्षा पुरते, आणि एका वर्षात तीच अधिक सुरक्षित आहे.

प्रबंध निवडणाऱ्यांना माझी कळकळीची सूचना आहे, की कैद्यांच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या मुलाखतींवर विषय बेतू नका. माणसांवरील संशोधनाला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. अमेरिकेच्या संघीय नियमांत कैद्यांना विशेष संरक्षण दिलेले आहे, कारण तुरुंगात असलेल्या माणसाची संमती खरोखर स्वेच्छेने दिलेली आहे का, हा प्रश्न रास्त आहे. अशा प्रस्तावाच्या वेळी समितीत कैद्यांच्या बाजूने पाहणारा एक सदस्य असावा लागतो. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती, दोन्ही लागतात. मला आपल्या भागातील कच्च्या कैद्यांशी बोलायचे होते. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांनी वेळापत्रक काढून दाखवले : तेथील समितीची मान्यता, त्यानंतर येथील कारागृह विभागाची परवानगी, त्यानंतर प्रवास, आणि हे सारे दोन सत्रांत. मी विषय बदलला आणि प्रकाशित आकडेवारीवर काम केले. तेव्हा मला वाईट वाटले होते, पण त्या निर्णयामुळेच माझी पदवी वेळेवर पूर्ण झाली.

९. नाशिकमध्ये राहून करायची तयारी

या अभ्यासाची पूर्वतयारी करायला नाशिकइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात थोडेच असेल. पोलीस प्रशिक्षणाची संस्था येथे, मध्यवर्ती कारागृह नाशिकरोडला, बालकांचे निरीक्षणगृह उंटवाडीला, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखाही येथेच. यांतील प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्याला सहज आत जाता येईल असे नाही, आणि ते योग्यच आहे. कारागृह पाहण्यासाठी महाविद्यालयामार्फत रीतसर अर्ज करा. राज्याच्या कारागृह विभागाचे मुख्यालय पुण्याला आहे, त्यामुळे वेळ लागेल हे गृहीत धरा.

न्यायालय मात्र बहुतांशी खुले असते. सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात आठवड्यातून एक सकाळ बसा. जामीन अर्जावर किती मिनिटे युक्तिवाद होतो, किती प्रकरणांत केवळ पुढची तारीख पडते, साक्षीदार आला नाही तर काय होते, हे वहीत टिपा. मी बारावीनंतरच्या सुट्टीत हे केले आणि तेथे पाहिलेले मला पहिल्या दोन सत्रांच्या वाचनात सतत उपयोगी पडले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत, त्यांची किमान रूपरेषा वाचून मगच न्यायालयात बसा. समाजसेवा ही शिक्षा म्हणून न्याय संहितेत आली आहे, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अमेरिकेत वर्गात तुलना करण्याची वेळ आली तर हे तपशील हाताशी असतील.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम मिळते का, तेही विचारा. कोठेही काम केलेत तरी एक नियम कसोशीने पाळा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार बालकाची ओळख उघड करता येत नाही, आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. तुमच्या वहीत, उद्देशपत्रात किंवा समाजमाध्यमावर अशी नावे, शाळा, गल्ली काहीही येता कामा नये.

ज्यांना अभ्यासविषय सुचत नाही त्यांनी सिंहस्थाकडे पाहावे. २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरी आपल्या शहराने सोसली आहे, आणि पुढचा सिंहस्थ २०२७ चा आहे. गर्दीचे नियोजन, हरवलेल्या व्यक्तींची नोंद आणि बाहेरून आलेल्या पोलीस मनुष्यबळाची विभागणी हे तिन्ही या शास्त्राचे अस्सल विषय आहेत.

१०. पैसा आणि काम

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी ती पाहा. ॲक्सिलरेटेड योजनेत तुमचा मास्टर्सचा प्रवेश कोणत्या तारखेला झाला असे मानायचे, याविषयी शिष्यवृत्ती कार्यालयात गोंधळ होऊ शकतो. विद्यापीठाकडून पदव्युत्तर प्रवेशाचे स्वतंत्र पत्र घ्या.

संशोधन साहाय्यकाचे काम मिळाल्यास शुल्कात मोठी सूट मिळते, परंतु अशी पदे बहुधा पीएच.डी. आणि दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना आधी दिली जातात. ती मिळतीलच असे धरून कर्जाची रक्कम कमी करू नका.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून न्यायालय, परिविक्षा कार्यालय किंवा पीडितांना मदत करणारी संस्था येथे प्रशिक्षण घेता येते. एफ-१ वर त्यासाठी काम सुरू करण्याआधी सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मान्यता लागते. पार्श्वभूमी तपासणीला आठवडे लागतात, आणि काही पोलीस विभाग नागरिक नसलेल्यांना घेतच नाहीत.

११. पदवीनंतर

अमेरिकेतील संघीय तपास यंत्रणांच्या आणि बहुतेक पोलीस दलांच्या नोकऱ्या परदेशी विद्यार्थ्याला खुल्या नाहीत, हे प्रवेशाच्या दिवशीच मनाशी स्वीकारा. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, आकडेवारीचे विश्लेषण आणि बँकांमधील फसवणूक-प्रतिबंध या दिशांना वाट आहे. ओपीटी, म्हणजे आपल्या विषयाशी संबंधित काम करण्याच्या परवानगीखाली, प्रत्येक वरच्या पातळीच्या पदवीमागे १२ महिने काम करता येते. त्याचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि कामाविना घालवलेले दिवस ९० पेक्षा जास्त होता कामा नयेत.

भारतात अध्यापन करायचे असेल तर नेट या पात्रता परीक्षेत गुन्हेशास्त्र हा विषय उपलब्ध आहे, परंतु परदेशी पदवीची समकक्षता आधी मिळवावी लागते. त्या छाननीत सामायिक श्रेयांक पाहून ‘मास्टर्स अपुरी आहे का?’ असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. म्हणून परत येण्यापूर्वी विद्यापीठाच्या निबंधकाकडून तीन गोष्टी घ्या : दोन्ही पदव्यांच्या स्वतंत्र ट्रान्स्क्रिप्ट, दोन्ही पदव्या प्रदान झाल्याच्या तारखा, आणि कोणते विषय कोणत्या नियमानुसार दोन्हीकडे मोजले गेले हे सांगणारे विद्यापीठाच्या शिक्क्याचे पत्र. मोहोरबंद प्रती प्रत्येकी तीन मागवा. नाशिकला परतल्यावर त्यांतील एक प्रतही उघडू नका, कारण उघडलेले पाकीट कार्यालये स्वीकारत नाहीत.